मावळ्याचं म्यान, ढाल आणि वहाणा: छोट्या फिगरवर वापरलेलं चामडं रंगवताना

जुनं चामडं एकाच वेळी दोन उलट दिशांनी बदलतं. जिथं ते घासतं तिथं उजळतं आणि खरबरीत होतं. जिथं त्याला रोज हात, घाम किंवा तेल लागतं तिथं ते काळवंडतं आणि त्याला चकाकी चढते. मिनिएचर रंगवणारे आपण बहुतेक जण यातलं पहिलंच तेवढं लक्षात ठेवतो. सगळ्या कडांवरून फिकट रेघ ओढली की चामडं जुनं झालं, असं धरून चालतो. मग कंबरेचा पट्टा, तलवारीचं म्यान आणि पायातली वहाण तिन्ही सारखीच झिजलेली दिसतात, आणि बघणाऱ्याला ते पटत नाही.

म्हणून ब्रश उचलण्याआधी त्या वस्तूबद्दल एवढंच ठरवायचं: ती रोज कशाला घासत होती, आणि तिला हात कुठं लागत होता? फिगरवरचा प्रत्येक चरा, प्रत्येक काळा डाग या उत्तरातून यायला हवा. रंगांची नावं आणि ब्रशचे नंबर त्यानंतर.

आधी खरं चामडं बघा

सीमाभागात राहणाऱ्याला यासाठी लांब जायला नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या बाजूला या चपला हातानं करणारी घरं आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, तळाला म्हशीचं जाड, वरच्या पट्ट्यांना आणि वेणीला पातळ. कधी त्या बाजूला जाणं झालं तर नुसती चप्पल घेऊन परतू नका. कारागिराच्या पुढ्यात पडलेले तुकडे बघा, रापीनं कापलेल्या ताज्या कडेचा रंग बघा. जमलं तर दोन-चार कातरणं मागून घ्या आणि रंगवायच्या टेबलावर ठेवा. कुठल्याही रंगाच्या तक्त्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

घरातली दोन-तीन उन्हाळे वापरलेली जोडी सकाळच्या तिरप्या उन्हात खिडकीपाशी ठेवा. टाचेखालचा भाग जवळजवळ काळा झालेला असतो, गुळगुळीत असतो, आणि त्याची कड कुठं संपते ते नेमकं सांगता येत नाही. बोटांच्या ठशांचं तसंच. त्या दोन काळ्या भागांच्या मधे, जिथं पाऊल टेकत नाही, तिथं मूळचा तांबूस-पिवळा रंग अजून शाबूत दिसतो. वरचा पट्टा जिथं वाकतो तिथं आडव्या बारीक सुरकुत्या आहेत. सुरकुतीच्या आत मळ बसून काळी रेघ झालेली, आणि दोन सुरकुत्यांमधला उंचवटा फिकट. तळाची कापलेली कड बघा: थर सुटे झालेत, तंतू बाहेर आलेत, आणि धुळीनं रंग करडा झालाय. टाचेचा बाहेरचा कोपरा मात्र आतल्या कोपऱ्यापेक्षा जास्त झिजलेला, कारण बहुतेकांची चाल तशी असते. वादीची शिवण वर उचललेली असल्यामुळे तिचा माथा घासून उजळलाय आणि भोकाभोवती काळं कडं बसलंय.

आता मोबाईलवर त्याचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. एकाच चपलेत जवळजवळ काळ्यापासून फिकट करड्यापर्यंत सगळ्या छटा आहेत. आपण रंगवलेल्या चामड्याचा फोटोही असाच तपासायचा. तिथं सगळं मधल्याच करड्यात अडकलेलं दिसलं, तर रंग कितीही अचूक असला तरी चामडं सपाटच वाटणार.

आणखी एक फरक इथंच समजून घ्यायला हवा. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं साधारण आरपार एकाच जातीच्या रंगाचं असतं. ते झिजलं की आतून पिवळसर, मातकट तपकिरी रंग बाहेर येतो. क्रोमनं कमावलेल्या चामड्याचा गाभा निळसर-करडा असू शकतो, आणि रंगाचा थर वरच्या वर असतो. तो थर उडाला की खालचा फिका करडा दिसतो. क्रोमची पद्धत १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्यामुळे शिवकालीन मावळा असो की १८२४ च्या कित्तूरच्या लढाईतला सैनिक, त्याच्या चामड्यावरची झीज गेरू-पिवळ्या अंगाचीच हवी. करडे किंवा पांढरट चरे त्याच्यावर शोभत नाहीत, आणि इतिहासालाही धरून नाहीत.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे इथले बरेच जण पलटणीचे शिपाईही रंगवतात. त्यांच्यासाठी एक सावधगिरीची गोष्ट. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाच्या छातीवरचे काडतुसांचे कप्पे, म्हणजे १९०३ पॅटर्नचं साहित्य, चामड्याचं होतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या शिपायाचं १९३७ पॅटर्नचं साहित्य मात्र जाड विणलेल्या सुती पट्ट्यांचं आहे. त्या फिगरवर चामडं शोधायचं ते मुख्यतः बुटांवर. पट्टा तपकिरी चामड्याचा केलात तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या वस्तूवर जाते.

फिगर केवढी, त्यावर किती दाखवायचं

हा हिशेब फार कमी जण करतात. ५४ मिमीची फिगर साधारण १:३२ प्रमाणाची असते. त्यावर ०.२ मिमी जाडीची रेघ ओढली, आणि त्याहून बारीक रेघ हातानं ओढणं सोपं नाही, तर खऱ्या वस्तूवर ती सहा मिमीहून जाड होते. एवढी जाड खरचट पट्ट्यावर सहसा नसते. म्हणून या आकारात चरे अखंड रेघेनं दाखवायचे नाहीत. तुटक ठिपक्यांनी सुचवायचे, आणि तळच्या रंगापेक्षा दोनच पायऱ्या फिकट ठेवायचे. २८ मिमीच्या फिगरवर तीच रेघ बारा मिमीच्या आसपास जाते. तिथं भेगांचा नाद सोडा, आणि उजेड-सावली नि दोन-चार ठिपके यांवर थांबा.

दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारात मिळतो तो पाच-सहा इंची मातीचा किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा मावळा याच्या उलट टोकाला आहे. सहा इंची मावळा म्हणजे जवळजवळ १:११. त्यावर सुरकुत्या, वादीची शिवण, भोकाभोवतीचं काळं कडं सगळं दाखवता येतं. ज्याला शिकायचंय त्यानं इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. स्वस्त आहे, चामड्याचा भाग मोठा आहे, आणि काम किल्ल्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला दिसतं.

सामान

बाहेरून मागवलेले मिनिएचरचे रंग असतील तर उत्तमच. वायेहो कंपनीचे चॉकलेट ब्राउन, लेदर ब्राउन आणि बेज ब्राउन, किंवा सिटाडेलचे ऱ्हायनॉक्स हाइड, मॉर्नफँग ब्राउन आणि स्क्रॅग ब्राउन, या तिघांच्या जोड्या सावली, मधला आणि उजेड अशा लागू पडतात. पण ते नसले म्हणून अडायचं कारण नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबमधून चामड्याचा प्रत्येक रंग बनतो. बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अल्ट्रामरीन ब्लू आणि थोडा टायटॅनियम व्हाइट एवढं पुरे. यांतला बर्न्ट सिएना बराच पारदर्शक असतो, म्हणून तो ग्लेझला, म्हणजे खालचा रंग दिसत राहील अशा अगदी पातळ थराला, चांगला. यलो ऑकर झाकणारा रंग आहे, म्हणून तो झिजेच्या खुणांना चांगला. ट्यूबचा रंग जाड असतो. तो पाणी आणि थोडं मॅट मिडियम (रंग नसलेलं, बिनचकाकीचं अ‍ॅक्रिलिक) घालून ताकासारखा पातळ करून घ्यावा.

ब्रश टोकदार हवा, बारीक नव्हे. तीन शून्यांच्या ब्रशमध्ये रंग मावत नाही आणि टोकाशी येईपर्यंत वाळतो. चांगल्या टोकाचा १ नंबरचा सेबल ब्रश असेल तर सगळं चामडं त्यानंच होतं. ठिपके मारायला एक जुना, केस पसरलेला ब्रश बाजूला ठेवा. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर ती मोडा.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारा पॅलेट, घरीच होतो: डब्याच्या पसरट झाकणात ओला स्पंज किंवा टिश्यूची घडी, आणि त्यावर केक भाजायला वापरतात तो बेकिंगचा कागद. अथणीकडच्या एप्रिलच्या उन्हात उघड्या पॅलेटवर अ‍ॅक्रिलिक बघता बघता वाळतं, तिथं याच्याशिवाय रंग मिसळणंच होत नाही. खानापूरच्या जुलैत उलट अडचण: थर वाळतच नाही. तिथं दोन ग्लेझमध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यावा. खालचा थर ओला असताना दुसरा दिला तर तो सोलून निघतो आणि मधे भोक पडतं.

प्रायमरपर्यंत

साच्याच्या जोडरेघा तासून काढा, फिगर साबणाच्या पाण्यानं धुवा, नीट वाळवा. बाजारचा मावळा असेल तर त्यावरचा चकचकीत रंग बारीक पॉलिश पेपरनं घासून मोडा. उघडी पडलेली माती किंवा प्लॅस्टर रंग पिऊन टाकतं, तेव्हा आधी अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात द्या. धातू, रेझिन, प्लॅस्टिकला स्प्रे प्रायमर, करडा. स्प्रे मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून.

तळचा रंग: एका माणसावर तीन चामडी

फिगरवरचं सगळं चामडं एकाच रंगानं भरू नका. पट्टा एका जनावराचा, वहाण दुसऱ्याची, म्यानावरचं चामडं तिसऱ्याच कारागिरानं चढवलेलं. निदान तीन वेगळे तपकिरी ठरवा. एक लालसर: बर्न्ट सिएना जास्त, बर्न्ट अंबर कमी. एक काळपट: बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीनचा टिपका. एक पिवळसर: बर्न्ट अंबर आणि यलो ऑकर निम्मे-निम्मे. काळ्या रंगाला इथं हात लावू नका. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिळून जो गडद रंग होतो तो जिवंत राहतो. काळा घातलेला तपकिरी मात्र काजळीसारखा बसतो.

दोन पातळ हात द्यायचे. रंग नीट पातळ झालाय का हे बघायला वर्तमानपत्रावर एक फटकारा मारा: तळच्या रंगाखालून अक्षरं जेमतेम दिसावीत, आणि पुढं ग्लेझ कराल तेव्हा ती स्वच्छ वाचता यावीत. ही चाचणी प्रत्येक वेळी करा. थेंबांच्या प्रमाणापेक्षा ती भरवशाची आहे, कारण प्रत्येक ट्यूबची जाडी वेगळी असते.

म्यान, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एक ५४ मिमीचा मावळा घेऊ. डाव्या कमरेला तलवार, लाकडावर चामडं चढवलेलं म्यान, त्याला वर दोन ठिकाणी पट्ट्याचे वेढे. आता ते कसं वापरलं गेलं असेल ते ठरवू.

तलवार उपसताना डावा हात म्यानाच्या तोंडाशी धरतो, म्हणून तिथं घाम आणि तेल: काळपट, चकचकीत. आतली बाजू चालताना मांडीला घासते, पण कापडाला. कापडानं चामडं खरवडत नाही, ते घोटलं जातं. म्हणून आतली बाजू गडद आणि गुळगुळीत. बाहेरच्या बाजूला काटेकुटे, करवंदीच्या जाळ्या, दगड. तिथं लांबीच्या दिशेनं, थोडे तिरपे चरे. पट्ट्याचे वेढे जिथं आहेत तिथं मूळ रंग सुरक्षित, पण वेढ्याच्या दोन्ही कडांशी घासून उजळलेली अरुंद पट्टी. आणि टोक: गडावर चढता-उतरता पायरीला, खडकाला आपटणारं. तिथं वरचा थर पार गेलेला, तंतू उघडे.

हे ठरल्यावर पहिलं काम उजेड-सावलीचं. तळाला लालसर तपकिरी. उजेड वरून येतोय असं धरून म्यानाच्या वरच्या अंगाला तळच्या रंगात यलो ऑकर वाढवत तीन-चार थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा अरुंद. खालच्या अंगाला अंबर-अल्ट्रामरीनची सावली. इथं हात आखडता घेऊ नका. पुढचे ग्लेझ हा फरक बराच खाली आणतात, म्हणून या टप्प्यावर म्यान जरा भडक, जरा जास्तच उजळ दिसायला हवं. उजेडासाठी थेट पांढरा वापरला तर चामडं खडूसारखं होतं. आधी ऑकर, आणि अगदी शेवटच्या ठिपक्यांना ऑकरमध्ये नखाएवढा पांढरा.

दुसरं काम पोताचं. जुन्या पसरट ब्रशवर थोडा रंग घ्या, टिश्यूवर टिपा, आणि उजेड-सावलीच्या सीमेवर टोचत जा: उजेडाच्या बाजूला थोडे गडद ठिपके, सावलीच्या बाजूला थोडे उजळ. गुळगुळीत उतरणारी छटा कापडाची किंवा धातूची वाटते. चामड्याचा उजेड असा फुटलेलाच असतो. मला स्वतःला या टप्प्यावर सर्वांत जास्त आनंद मिळतो, कारण एवढ्या वेळ नुसता तपकिरी असलेला भाग इथं पहिल्यांदा चामड्याचा दिसायला लागतो.

तिसरं काम बाहेरच्या बाजूच्या चऱ्यांचं. १ नंबरच्या ब्रशचं टोक, ऑकरकडे झुकलेला रंग. प्रत्येक चरा एका हलक्या फटक्यात, सुरुवात दाबून आणि शेवट उचलून, म्हणजे तो एका टोकाशी विरतो. सगळे साधारण एका दिशेनं, पण अंतर असमान: दोन जवळजवळ, मग मोकळी जागा, मग एक एकटा. यांतल्या एक-दोघांनाच खोल करायचं. खोल चऱ्याला आधी गडद रेघ आणि तिच्या बरोबर खाली, अगदी चिकटून, फिकट रेघ. उजेड वरून येतो म्हणून चऱ्याची खालची कड उजळते. फिकट रेघ वर गेली तर तोच चरा फुगवट्यासारखा दिसतो. पट्ट्याच्या वाकावरच्या भेगांनाही हाच नियम, फक्त त्या नेहमी वाकाला आडव्या आणि आखूड.

चौथं काम टोकाचं. पॅकिंगच्या फोमचा तुकडा फाडून (कापून नाही, फाटलेली कड असमान हवी) त्यावर ऑकर-अंबर घ्या, कागदावर बराच टिपा, आणि म्यानाच्या टोकाशी दोन-तीनदाच हलकेच टेकवा. मग ब्रशनं त्या ठिपक्यांतून लांबीच्या दिशेनं केसासारखे दोन-चार तंतू ओढा. फोम टोकापुरताच. म्यानभर मारला तर चामड्याचा रंग उडालेल्या पत्र्यासारखा भास होतो.

पाचवं, वेढ्यांच्या कडांशी उजळ पट्टी. ती सलग नको. वेढ्याची खालची कड जास्त घासते, कारण वजन तिकडं ओढतं.

इथवर आल्यावर सगळं जरा विस्कळीत दिसतं, आणि तसं दिसणं बरोबर आहे. आता ग्लेझ. बर्न्ट सिएना भरपूर पाणी आणि मिडियमनं पातळ करा, वर्तमानपत्राची चाचणी घ्या, ब्रश भरून मग टिश्यूवर टेकवून जादा पाणी काढा. ग्लेझमध्ये ब्रश जिथं उचलला जातो तिथं रंग साचतो. म्हणून प्रत्येक फटकारा उजेडाकडून सावलीकडं न्यायचा आणि सावलीतच उचलायचा. दोन-तीन थरांत ठिपके, चरे, पोत सगळं एका कातड्यात बसतं. ज्या चऱ्यांना ताजं दाखवायचंय ते ग्लेझनंतर पुन्हा एकदा ऑकरनं उजळा. बाकीचे जुने राहू द्या. जुने आणि ताजे चरे एकाच वस्तूवर दिसले की ती वर्षानुवर्षं वापरात असल्याचं पटतं.

शेवटी हाताळलेल्या जागा. अंबर-अल्ट्रामरीनचा पातळ ग्लेझ म्यानाच्या तोंडाशी आणि आतल्या बाजूला, तीन-चार थर, कड कुठंही ठळक न ठेवता. घरातल्या चपलेवरचा टाचेचा ठसा आठवा. तिथंही काळा कुठं संपतो ते दिसत नव्हतं.

ढाल

ढालीचं चामडं वेगळ्या जातीचं. जाड कातड्यावर काळा किंवा गडद लाखेचा थर चढवलेला असायचा, वर पितळी फुल्या. इथं झीज म्हणजे तो थर तडकणं. म्हणून तळाला आधी पिवळसर तपकिरी रंगवा आणि त्यावर काळपट थर द्या. मग तडे आणि खपल्या तपकिरीनं काढा, आणि प्रत्येक खपलीच्या वरच्या काठाला अगदी बारीक गडद रेघ द्या, म्हणजे लाखेच्या थराची जाडी दिसते. खपल्या कुठं? कडेला, जिथं ढाल जमिनीवर टेकवून ठेवतात. समोरच्या भागावर, वार झेललेले. फुल्यांच्या भोवती मात्र खपल्या कमी आणि काजळी जास्त, कारण तिथं पुसणाऱ्याचं फडकं पोचत नाही. ढालीच्या मागच्या बाजूला हाताच्या मुठी आणि गादी असते. फिगर उचलून बघणारा ती बाजू बघतोच, तेव्हा तिथला घामाचा काळपटपणा विसरू नका.

वहाणा आणि माती

वहाणांवर चामड्याइतकंच महत्त्व मातीला. आपल्या बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडं जाताना पाऊस कमी होत जातो आणि मातीही बदलते: खानापूरकडं जांभ्याची तांबडी, अथणीकडं काळी. मावळा कुठल्या जमिनीवर उभा आहे हे पायथ्यावर ठरवलंत की वहाणांवरची धूळही तीच हवी. तांबड्या मातीच्या पायथ्यावर करड्या धुळीच्या वहाणा अनेकदा दिसतात, आणि त्यानं सगळी फिगर दुसरीकडून आणून ठेवल्यासारखी होते.

अंगणातली माती थेट वापरण्याचा मोह होतो. किल्ल्यावरच्या मोठ्या मावळ्याला ती चालते: उन्हात कडक वाळवून, मलमलच्या फडक्यातून गाळून. ५४ मिमीवर मात्र तिचा कण खड्याएवढा दिसतो. तिथं सुक्या पेस्टलची कांडी ब्लेडनं खरवडून पूड करा. ती कोरड्या ब्रशनं वहाणेच्या कडेला, शिवणीत, पट्ट्याच्या वाकात बसवा, आणि पातळ मॅट मिडियमचा थेंब कडेनं सोडून पक्की करा. मिडियम लागलं की पूड गडद होते. वाळल्यावर थोडी उजळते, पण पूर्ण नाही. म्हणून जरा फिकट रंगाचीच घ्या.

पावसाळी देखावा असेल तर धुळीऐवजी ओल. भिजलेलं चामडं दोन छटा गडद असतं, आणि ओल जिथपर्यंत चढली तिथं वाळताना फिकट नागमोडी रेघ उरते. अंबरचा पातळ ग्लेझ खालून वर न्या, आणि तो वाळल्यावर त्याच्या वरच्या कडेला तुटक ऑकर.

चकाकी

बरेच जण इथं येऊन सगळ्या फिगरवर मॅट वार्निश मारतात आणि थांबतात. पण चामड्याचं अर्धं खरेपण त्याच्या असमान चकाकीत आहे. आधी सगळ्याला मॅट. मग ब्रशनं, फक्त घोटलेल्या जागांना, सॅटिन (मंद चकाकीचं) वार्निश: म्यानाचं तोंड, आतली बाजू, टाचेचा ठसा, खोगीर असेल तर बैठक. चरे, उघडे तंतू आणि धुळीची जागा मॅटच राहू द्या. ढालीच्या शाबूत लाखेला सॅटिनवर थोडा ग्लॉस चालतो. काम ट्यूबलाइटखाली केलं असेल तर या टप्प्याआधी एकदा खिडकीपाशी नेऊन बघा. पांढऱ्या एलईडीत तपकिरी रंग करडे वाटतात आणि हात नकळत जास्त लाल घालत जातो.

स्प्रेचं मॅट वार्निश जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यात मारू नये. दमट हवेत त्यावर दुधी पापुद्रा धरतो आणि खालचे सगळे गडद रंग झाकले जातात. त्या दिवसांत ब्रशनं लावायचं पाण्याचं वार्निश वापरा, दोन पातळ हात. घाईच असेल तर पाऊस उघडलेल्या दुपारी, डबा आधी कोमट पाण्यात ठेवून, लांबून हलका फवारा. पण त्याआधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघितल्याशिवाय नाही.

किल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या मावळ्याला एवढं पुरत नाही. किल्ल्यावर पेरलेल्या हळिवाला नि मोहरीला रोज पाणी शिंपडलं जातं, रात्री दव पडतं, आणि मातीच्या फिगरला ओल खालून चढते. अशा फिगरच्या तळव्याला, म्हणजे पायथ्याच्या खालच्या न रंगवलेल्या भागालाही, ग्लॉस वार्निशचे दोन हात द्या. वरच्या भागालाही आधी ग्लॉसचे दोन हात, ते पूर्ण वाळल्यावर मॅट, आणि त्यावर वर सांगितलेलं सॅटिन. ग्लॉसचा थर मॅटपेक्षा पाणी जास्त अडवतो. पेस्टलची धूळ असेल तर ती या सगळ्यानंतर, शेवटी लावा. वार्निशखाली गेलेली धूळ ओल्या मातीसारखी दिसते.

दिवाळी संपल्यावर मावळे रद्दीच्या कागदात गुंडाळू नका. जाड वार्निश दमट हवेत थोडं चिकट राहतं आणि कागदाची शाई चामड्याच्या फिकट भागांवर उमटते. मऊ सुती कापडात, एकेक वेगळा गुंडाळून, उघड्या खोक्यात ठेवा.